बोटानं जाणारा बोल्ट

दावीद दाजी गेल्याची तार नगरच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आली, तेव्हा मी लढाईच्या बातमीचा मथळा लावत होतो. तार वाचली, मथळा पुरा केला, प्रूफ तपासलं आणि मग श्रीगोंद्याची गाडी गाठली. असं का वागलो, ते अजून सांगता येत नाही...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर. नदीवरचं पंपघर त्यांच्याकडं होतं. पंप बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि बीड ओढाताण सोसत नाही, तडकतं. म्हणून नळाचा भार खालच्या खांबावर पडला पाहिजे, पंपाच्या तोंडावर नाही, हा त्यांचा नियम. नळाची आणि पंपाची भोकं आपसूक जुळून बोल्ट नुसत्या बोटानं त्यांतून गेला तरच ते जोड आवळत. थोडा भार चालत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. "चालतो की. पर किती, ते पंप आदी सांगत न्हाई, पावणं. तडकल्यावर सांगतो."

शेवटची भेट गाळप सुरू होण्याच्या आठवड्यातली. रविवारी दाजी प्रार्थनेला गेले असताना कारखान्याच्या साहेबांनी नवा नळ साखळीनं ओढून पंपाला जोडून घेतला होता. सोमवारी मी तिथंच होतो. दाजी म्हणाले, "साहेब, लढाईत विलायतेहून दुसरा पंप यायचा न्हाई. ह्यो तडकला तर ऊस शेतातच वाळंल."

"तू फिटर आहेस की वैद्य?"

"मग नाडी तुमीच बगा." दाजींनी पाना घेऊन बोल्ट सोडले. नळ खट्कन अंगठाभर बाजूला उडाला. मग साहेबांनी तीन दिवस दिले. तेवढ्यात पाणी आलं नाही तर नोकरी गेली, असंही बजावलं.

दाजींनी नळ कापून नीट बसवायला घेतला, खाली विटांचा खांब बांधला. त्या संध्याकाळी मी नगरला परतलो; दाजी रात्रभर राबून दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. ताई सांगते, "चहा अर्धाच घेतला. म्हणाले, खांब वाळतोय तवर पाठ टेकतो." ते उठले नाहीत. दफनाच्या वेळी मला एकच प्रश्न पडला होता. आता नळ पुन्हा साखळीनं ओढतील का?

पाच आठवड्यांनी त्यांची हत्यारांची पेटी आणायला गेलो. गाळप चालू होतं. दुपारी सफाईसाठी पंप थांबवून रिकामा केला होता. त्यांचा जोडीदार गणपत मला पंपापाशी घेऊन गेला. त्यानं जोडाचे सगळे बोल्ट एकेक करून सैल केले. नळ जागचा हलला नाही.

"साहेब लई वरडलं," गणपत म्हणाला. "मी म्हनलं, खांब वाळू द्या. चवथ्या दिवशी पानी आलं." मग त्यानं एक बोल्ट पुरता काढून माझ्या हातात दिला. "लावा तुमी."

मी तो भोकाशी धरला आणि बोटानं ढकलला. गेला.