आत्याचा पत्र वाचायचा कायदा

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण, आणि ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या हवाली, म्हणून आधीच माफी मागते. पण आमच्या आत्याइतकं ख्रिस्ती शास्त्र जाणणारं माणूस अख्ख्या रेवदंड्यात दुसरं नव्हतं, आणि तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, हे मात्र छातीठोक लिहिते.

तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. एकदा त्याच्या पत्रातली मधलीच ओळ कुणीतरी तिला वाचून दाखवली, 'आता मी घरी येत नाही.' आत्याने दोन दिवस चूल पेटवली नाही. पुढच्या ओळीत 'नाताळलाच येईन' असं होतं! तेव्हापासून कुठलंही पत्र वरच्या नावापासून खालच्या सहीपर्यंत वाचायचं, हा तिचा कायदा झाला, आणि बायबलातली पौलाची पत्रंही त्यातून सुटली नाहीत. चौथी झालेली मी तिची वाचणारीण. आमच्या ओटीवरच्या प्रार्थनेला उपदेशक मास्तरांनी एखादं वचन काढलं की ही सुपारी कातरता कातरता म्हणायची, "ह्ये कोनाला लिवलंय? मागलं वाच गो." बायकांनी मंडळीत गप्प राहावं, हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं वचन मास्तरांनी तिला ऐकवलं, तर म्हणाली, "त्या करिंथच्या बायांनी काय गोंगाट केला व्हता त्यो आदी सांगा, मंग गप बसते." मास्तर व्याकरणाचे शौकीन, छत्रीसारखं ते कायम त्यांच्या काखेत असायचं.

मला पाचवीसाठी अलिबागच्या बोर्डिंगात घालायचं म्हणून आत्याने नारळ विकून वीस रुपये साठवले होते. मास्तरांची बायको आजारी पडली तेव्हा तिने ते त्यांना उसने दिले. बोर्डिंगचे दिवस जवळ आले तशी प्रार्थनेनंतर तिने पैसे परत मागितले. मास्तर हसले.

"आत्याबाई, परत मिळायची आशा न धरता उसनं द्या, असं प्रभू सांगतो. 'द्या' हे आज्ञार्थी रूप. पळवाट नाही."

"आज्ञा कोनाला हाय?"

"देणाऱ्याला."

"मंग त्ये माजं पत्र, मास्तर. तुमी कशाला फोडलंत? तुमच्या नावचं ही पोर वाचंल."

मी पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातलं वाचलं, कुणाचं काही देणं ठेवू नका. कायद्याप्रमाणे मागचंही वाचलं. त्यात सरकारचा करही चुकवू नका असं निघालं, तेव्हा बाकीची मंडळीही वहाणा शोधू लागली.

मास्तर खाली बघत म्हणाले, "पगार बारा रुपये आहे हो. औषधात सगळं जातं."

"मंग तसं बोला ना! देवाला मदी कशाला घेता?" असं म्हणून आत्याने त्यांना चहा दिला आणि महिना एक रुपया ठरवला.

बोर्डिंगचं त्या वर्षी राहिलं, पुढच्या वर्षीही राहिलं. मग माझं लग्न झालं. विसावा रुपया आला त्या आठवड्यात आत्या मुरुडला माझ्या सासरी आली, चुलीशी बसली आणि हळूच म्हणाली, "मास्तरांनी सगलं फेडलं गो. एक पै ऱ्हायली न्हाय."