टेलरचाचांचा इंग्रजीचा पेपर

परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझरपेक्षा ज्याची जास्त धास्ती वाटावी, असा विद्यार्थी जगात एकच झाला असेल: आमचे टेलरचाचा. मुकुंदवाडीत शिलाईचं दुकान, आणि पन्नाशी उलटल्यावर आमच्याबरोबर बीएला. टेप गळ्यात ठेवूनच ते वर्गात येत आणि तास कंटाळवाणा झाला की पुढच्या पोराच्या खांद्याचं माप घेत. कॉपीला आम्ही विशीतली पोरं मदत म्हणायचो. प्रमोशनसाठी पदवीला बसलेले पिशोरचे तिशीतले ग्रामसेवक नाइलाज म्हणायचे. चाचा म्हणत, "हे गिऱ्हाइकाचं कापड मारणं झालं बेटा. शर्ट आखूड झाला की लोक टेलरला नावं ठेवत्यात, कापडाला नाय."

तरीही इतिहासाच्या पेपरासाठी मी त्यांनाच शर्टाच्या बाहीत चोरखिसा शिवायला सांगितला. चाचा खुशीत म्हणाले, "चिठ्ठ्या पण दे, मीच बसवतो. फुगवटा दिसायला नको." फुगवटा खरंच दिसला नाही. हॉलमध्ये बसल्यावर कळलं, की खिसा चारही बाजूंनी दुहेरी शिवलाय. तीन तास मी दंड खाजवत होतो. सुपरवायझरांनी खरूज आहे का म्हणून विचारलं. नाइलाजानं जन्मात पहिल्यांदा मनानं उत्तरं लिहिली आणि पास झालो. जाब विचारला तर चाचा म्हणाले, "खिसा मागितला, दिला. त्याला तोंड पाहिजे हे कुठं बोलला तू?"

त्यांचं स्वतःचं घोडं मात्र इंग्रजीत अडलं होतं. शेवटच्या परीक्षेत मी माझा पेपर जरा तिरका धरला, तर ते उठून उभे राहिले. "सर, ह्याला सरकवा जरा. ह्याचं उत्तर माझ्या डोळ्यात येऊन राह्यलंय." मला दाराशी बसवलं. आम्ही सगळे पदवीधर झालो, चाचा इंग्रजीपाशीच राहिले. नातीच्या आधी पदवी घेणार, अशी त्यांनी घरात पैज लावली होती. नात तेव्हा शाळेत होती.

ती यंदा शेवटच्या वर्षाला आहे. मी आता त्याच कॉलेजात शिकवतो, आणि यंदा चाचांच्या हॉलवर माझीच ड्युटी आली. त्यांच्या बाकाजवळून जाताना पाहिलं, तर लिहिलेल्या बरोबर उत्तरावर पेन टेकवून ते खोडावं की नाही या विचारात होते. माझा पाय तिथून हलेना. खोडू नका, या अर्थानं मी हळूच खाकरलो. चाचांनी पेपर छातीशी ओढला आणि मान वर न करता म्हणाले, "सर, तुम्ही तिकडं उभं ऱ्हा."

इतकी वर्षं ते मला बेटाच म्हणत होते. त्या 'सर'नं मला फार वाईट वाटलं. मी निमूट खिडकीपाशी गेलो आणि तिथून त्यांना ते उत्तर खोडताना पाहत राहिलो.