हॉलचं दार कोणी लावलं?

सेवेतली पुष्कळ प्रकरणं आता पुसट झाली आहेत, पण कासुर्डीजवळच्या हॉटेलातलं ते प्रकरण मनातून जात नाही. तेव्हा मी दौंड तालुक्यात सोलापूर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

दुपारी ठाणे अंमलदारानं फोन घेतला. पलीकडून एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "हॉटेलच्या वरच्या हॉलमधी एक आजोबा हायेत. त्यांना शुगर हाय, आन् त्यांना बाहेर सोडत न्हाईत." नाव न सांगताच तिनं फोन ठेवला.

आम्ही पोहोचलो तेव्हा दाराला आतून कडी होती. आत मोठ्यानं गाणी चालू होती. दार ठोठावून उघडायला लावलं आणि आत गेलो. शिरूरचे एक निवृत्त एसटी चालक टेबलावर डोकं टेकून बसले होते. अंगावरचा सदरा घामानं भिजला होता आणि बायको पदरानं वारा घालत होती. 'तुम्हाला भेटवस्तू लागलीय, जोडीनं या' असं सांगून त्यांना बोलावलं होतं. आल्यावर कळलं की दरवर्षी आठवडाभर रिसॉर्टमध्ये राहण्याचं सभासदत्व त्यांच्या गळ्यात मारायचं आहे. नको म्हटलं की समोर नवा माणूस येऊन बसे. आधार कार्ड काढून घेतलेलं, जेवणाची वेळ टळून गेलेली. त्यांना दवाखान्यात पाठवलं आणि फसवणूक व डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल केला.

बरं वाटल्यावर आजोबांनी जबाबात तळेगाव ढमढेऱ्याकडच्या एका विक्री प्रतिनिधी मुलीचं नाव घेतलं. दार तिनं लावलं होतं. तिनं ते लगेच कबूल केलं. सभासदत्व विकणाऱ्या कंपनीचा मॅनेजर शांतपणे म्हणाला, "कंपनी असं शिकवत नाही, साहेब. तो तिचा वैयक्तिक निर्णय होता."

बाकीच्या विक्री प्रतिनिधींना एकेक करून आत घेतलं. प्रत्येकाच्या तोंडी तोच 'वैयक्तिक निर्णय'. खरं सांगणारी माणसं एकच गोष्ट आपापल्या शब्दांत सांगतात. सगळ्यांचे शब्द जुळले की समजावं, कुणीतरी पढवलंय.

दरम्यान ज्या नंबरवरून खबर आली होती त्याचा माग काढला. तो हॉटेलच्या आचाऱ्याचा निघाला. "त्या दार लावणाऱ्या ताई पाणी न्यायला खाली आल्या, तवा त्यांनीच मोबाईल मागितला व्हता," तो म्हणाला. "कंपनीवाले त्या समद्यांचे मोबाईल सकाळीच काढून घेत्यात."

महिला हवालदाराला सोबत बसवून मी मुलीला पुन्हा विचारलं, "फोन तूच केलास, मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय उपेग, साहेब? दार बी मीच लावलंय."

बऱ्याच वेळानं ती मोकळी झाली. "गिऱ्हाईक तसंच गेलं की दुसऱ्या दिवशी खुर्चीवर उभं करत्यात. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पुरुषांना बांगड्या घालत्यात. पहिल्याच महिन्यात माझ्या मामाला सभासद करायला लावलं. आता नोकरी सोडून घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

मग मी इतरांना आजोबांबद्दल विचारणं सोडलं. फक्त विचारलं, "तुम्हाला खुर्चीवर कधी उभं केलं होतं?" दौंडचा एक तरुण मान खाली घालून आपल्या मनगटाकडे पाहत राहिला आणि रडू लागला. त्यानंतर एकेक जण बोलला. दार लावायचा हुकूम मॅनेजरचाच होता.

मॅनेजरला ते ऐकवलं. त्याला पश्चात्ताप दिसला नाही. "मलाही उभं केलं होतं, साहेब. मी त्यातूनच वर आलो," तो अभिमानानं म्हणाला.

खटल्यात मुलगी साक्षीदार झाली. बचावाच्या वकिलानं दार कोणी लावलं म्हणून विचारलं. "मी," ती म्हणाली, आणि हुकूम कुणाचा होता तेही सांगितलं. मॅनेजरला शिक्षा झाली.

साक्षीनंतर कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं आजोबांची माफी मागितली. ते म्हणाले, "पोरी, कडी लावताना तुझा हात थरथरत व्हता. मला दिसलं. म्हणून तर तुझाच राग जास्त आला."

 मग सोबत आलेल्या आजींनी तिला शेजारी बाकावर बसवून घेतलं.

मी आयुष्यभर गुन्हेगार शोधले, त्यांचे स्वभाव वाचले. पण या प्रकरणानं मला एक वेगळंच दाखवलं. माणसाला आधी चारचौघांत लहान करायचं, मग त्याच्याच हातानं दुसऱ्याला लहान करवून घ्यायचं, आणि याला कामाची शिस्त म्हणायचं. अशा ठिकाणी हात थरथरणारी माणसं पुष्कळ असतात. त्यांतला एखादाच हात फोनकडे जातो.