प्रॉम्प्टरशिवायचं नाटक

मुलांनो, गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आमच्या गावात शांतता आली. सकाळी दहाला जीपमधून उतरली आणि चार वाजता परत जाणार होती. सोबत शहरातल्या एका संस्थेचे दोन प्रशिक्षक, एक ढोल आणि एक छापील फलक होता: ‘नाट्य, नृत्य, सलोखा’.

सलोख्याची गरज होती, हे खरं. विसर्जनाच्या मिरवणुकीचा भोंगा मशिदीसमोर गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळला होता. शिवीगाळ झाली, चार काचा फुटल्या. कोणाला लागलं नाही. पण त्यानंतर दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांशी न बोलण्याचं काम इतक्या शिस्तीत केलं, की तशी शिस्त मला इंग्रजी शिकवताना एकाही वर्गात लावता आली नाही.

माझ्या समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या भाभींचं मशीन त्यात बंद पडलं. मशीन धडधाकट होतं, ब्लाउज येईनासे झाले. तळ्यावरून टोपली घेऊन येणारी मासेवाली आधी त्यांच्या ओट्यावर चहा प्यायची, मग गाव फिरायची. तीही आता हाक न मारता पुढे जायची. भाभींनी बोचकं बांधलं होतं. सोमवारच्या बसने त्या माजरीला, खाणीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे, कायमच्या निघाल्या होत्या.

मला दुभाषी म्हणून बोलावलं, कारण प्रशिक्षकांना मराठीतलं ‘नमस्कार’ आणि ‘छान’ एवढंच खात्रीने येत होतं. आधी समाजमंदिरात सगळ्यांना झाड व्हायला सांगितलं. जन्म जंगलात काढलेल्या माणसांना! एका म्हाताऱ्याने विचारलं, “कोनतं झाड, मॅडम? सागवान झालो तं फारेस्टवाले येतीन.”

“छान,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

मग अदलाबदल. मासेवालीने भाभी व्हायचं, भाभींनी मासेवाली. संहिता नाही, मनात येईल ते बोलायचं. दोघी समाजमंदिराच्या मध्यावर खांबासारख्या उभ्या. मासेवाली माझ्याकडे वळली.

“मॅडम, प्रॉम्प्टर कुठी हाय?”

तुम्ही दूर शहरात राहता, इकडची नाटकं पाहिलेली नाहीत. दिवाळीनंतर गावोगाव होतात. तालीम नावापुरती, सगळी मदार आडोशाला बसून वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरवर. तो खोकला, की नायकाचं प्रेमही थांबतं. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, प्रॉम्प्टर नाही, हीच तर गंमत आहे. गावाने एकमताने ठरवलं, मग हे नाटकच नाही. दोन धर्मांचं तीन महिन्यांतलं ते पहिलं एकमत.

शेवटी मीच पुढे बसले. खरं सांगायचं तर वाक्यं मी आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवली होती. तयारीशिवाय मी चहाही करत नाही.

“म्हण,” मी मासेवालीला सांगितलं, “‘झाल्या प्रकाराबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करते.’”

“असं कोन बोलते, मॅडम? भाभी तं मेल्यावरही असं नाई बोलनार.”

“मग कसं बोलतात त्या?”

ती खाली बसली, पाय मशीनवर असल्यासारखे हलवू लागली. हळूच म्हणाली, “सोमवारी जातो मी पोराकडे. माह्या हातचं शिवलेलं कोनाले नाई पाह्यजे आता.”

भाभींनी डोक्यावर रिकामं घमेलं घेतलं आणि तिच्या समोरून गेल्या. मान ताठ, नजर सरळ. हाक नाही.

मासेवाली ताडकन उठली. “अशी नाई जात मी! रोज थांबतो तुह्या दाराशी. तूच दार लावून बसते.”

“आवाज नाई देत, तं मले कसं समजन?”

“मंडळाचे पोट्टे म्हनले, तिकडं आवाज नाई द्यायचा.”

“अन् तू ऐकलं? नवऱ्याचं जन्मात नाई ऐकलं, पोट्ट्यायचं ऐकलं!”

समाजमंदिर हसलं. काय झालं, म्हणून प्रशिक्षक बाईंनी विचारलं. “त्या एकमेकींच्या भावना समजून घेत आहेत,” मी भाषांतर केलं.

नंतर डोळे मिटून, आतला आवाज ऐकत नाचायचं होतं. गावातल्या बँडवाल्या चाचांनी ढोल ओढून घेतला आणि इकडच्या दंडार नाचाचा ठेका धरला. डोळे मिटले असते तर पाय तुडवले गेले असते.

पुढे संस्थेचा अहवाल आला. कार्यशाळा यशस्वी, फक्त ‘स्थानिक दुभाषीने प्रक्रियेत वारंवार हस्तक्षेप केला’.

पण त्याआधी, सोमवारी सकाळी पावणेसातला मी घड्याळ घेऊन ओट्यावर बसले. समोर बोचकं दाराबाहेर आलेलं. मासेवाली आली, थांबली. चौकात मंडळाची पोरं बसली होती. तिने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं.

“ओ भाऽभी! झिंगे घेतं का?” चौकापलीकडे जाईल असा आवाज.

भाभी बाहेर आल्या. “घेतो. अन् तुह्या पोरीचा ब्लाउज कधीचा पडून हाय, तो ने.”

“मांगचा काखेत दाटते. तो पह्यले ढिला करून दे.”

“पोरगी जाडी झाली, त्याले मी काय करू?”

कात्री बोचक्यात होती. भाभींनी गाठ सोडली. बस सव्वासातला अगदी वेळेवर आली आणि गेली. तोवर भांडण काखेतून बाहीपर्यंत पोचलं होतं.