केळीच्या चिकाची चित्रं

नोकरीचं माझं पहिलं वर्ष होतं. मी धुळ्याची. नेमणूक मिळाली ती जळगावच्या पूर्वेला, चारी बाजूंनी केळीच्या बागा असलेल्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. आमच्याकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, इथली बोली निराळी. पहिले काही महिने मुलं काय म्हणतात ते मला आणि मी काय म्हणते ते मुलांना, अंदाजानंच कळायचं.

होळी झाली, सकाळची शाळा सुरू झाली. वसंत ऋतूचा धडा आला तेव्हा मी ठरवलं, हा नुसता वाचायचा नाही, हातांनी करायचा. रंगपेट्या वर्गात दोघांकडेच होत्या. मग मी पळसाची फुलं उकळून केशरी पाणी केलं, थोडा गेरू कालवला, कचेरीतून पाठकोरे कागद आणले. ठशांसाठी मुलांना सांगितलं, “उद्या येताना केळीच्या पानांचे देठ आणा.” देठ आडवा कापला की आत सुरेख जाळी असते. ती रंगात बुडवून कागदावर टेकवली की फूल उमटतं. भेंडीचे ठसे मला शिकवलेले होते. केळीची अक्कल माझी स्वतःची.

दुसऱ्या दिवशी देठांचा ढीग पडला. मी विळी घेऊन कापायला बसले तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, चिक लागते.”

“लागू दे. हात धुऊ नंतर,” मी म्हणाले.

ती पुढचा देठ माझ्या हाती देऊ लागली. एरवीही ती फारशी बोलत नसे. त्या दिवशी तिच्या अंगात गणवेश नव्हता, पिवळा नवा फ्रॉक होता. मावशीच्या लग्नासाठी मामानं आणलेला. गणवेश वाळला नव्हता आणि तिनं आईकडे हट्ट केला होता, हे मला मागून कळलं.

तास फार छान झाला. मुलांनी कागद भरून फुलं उमटवली. हात पुसायला फडकं नव्हतं, तेव्हा जो तो आपल्या कपड्यांनाच पुसत होता. चीक पाण्यासारखा, काही दिसलं नाही. मीही खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत पाच-सहा आया शाळेच्या दारात उभ्या. हातात पांढरे शर्ट, त्यांवर तपकिरी, गंजासारखे डाग. पिवळा फ्रॉक घेऊन आलेली बाई सगळ्यांच्या पुढे होती.

“बाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या. केयीचा चिक कधी निंघते का? माही पोरगी सांगत होती ना तुम्हाले?”

मुख्याध्यापकांनी बायकांची समजूत घातली, मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं. ती मुलगी शाळेत आली नव्हती. आईनं तिला मारलं होतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. ओट्यावर तिचे आजोबा बसले होते. मला पाहून त्यांनी आपली बंडी पुढे ओढून दाखवली. तिच्यावर इतके डाग होते की मूळचा रंग ओळखू येत नव्हता.

“आमचे बागेतले कपडे येगळे, घरातले येगळे. तुम्हाले कोण सांगणार? तुमच्या धुय्याकडे केय कुठी?” ते म्हणाले.

मी आत जाऊन तिच्या आईला म्हणाले, “ताई, चूक माझी आहे, पोरीची नाही. फ्रॉक मला द्या. डाग जाणार नाहीत, पण भरतकामानं झाकून पाहते.”

तिनं फ्रॉक दिला, पण बसा म्हणाली नाही.

रविवारी मी आजोबांशेजारी ओट्यावर बसून सुई-दोरा चालवला. डाग सात होते. सहांची पानंफुलं झाली. पोटावरचा मोठा डाग काही केल्या झाकेना, तिथे मी खिसा लावला. मुलगी मला दोरे निवडून देत होती. मध्येच म्हणाली, “बाई, आधी हे दिसत नोतं. धुतल्यावर आलं.”

“हो ना.”

“मंग चिकानंच चित्र काढलं तं?”

मी सुई खाली ठेवली. आजोबा हसले, आत गेले आणि एक जुनं धोतर घेऊन आले.

सोमवारी त्या धोतराचे तुकडे करून मी वर्गाला वाटले. रविवारीच घरोघर निरोप धाडला होता, त्यामुळे या वेळी प्रत्येक जण घरून बागेतला फाटका सदरा घालून आला होता. देठाचं टोक कापडावर टेकवून मुलं चित्र काढू लागली. कापड कोरंच दिसत होतं, त्यामुळे कोण चुकतंय हे कोणालाच कळत नव्हतं. चित्रकलेच्या तासाला रडणारी पोरंसुद्धा त्या दिवशी बेधडक हात चालवत होती. मग हापशावर सगळे तुकडे धुतले आणि कुंपणावर वाळत घातले. मंगळवारी सकाळी बघतो तर कुंपणभर तपकिरी चित्रं! मोहोर आलेला आंबा, बैल, सुगरणीचा खोपा, केळीचे घड, एक एस.टी. पुढच्या रांगेतल्या त्या मुलीनं आजोबा काढले होते, बंडीवरच्या डागांसकट. ती वर्गाला मोठ्यानं सांगत होती कुठलं चित्र कोणाचं.

बागेत निघालेल्या बाया थांबून बघत होत्या. तिची आईही थांबली. पुढे बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला ती स्वतः आली, आणि लग्नात मुलीला वळवून वळवून फ्रॉकवरची फुलं पाहुण्यांना दाखवत होती.

जूनमध्ये पटनोंदणीसाठी घरोघर फिरले तेव्हा ते तुकडे पुन्हा दिसले. भिंतीवर एकही नव्हता. कोणाच्या घरी पापडाच्या डब्याला बांधलेला, कोणाकडे माठावर झाकलेला. एका घरी आंब्याचं चित्र भाकऱ्यांना गुंडाळून टोपलीत ठेवलेलं होतं. त्या माउलीनं ते उलगडलं, आतली भाकरी काढली आणि ठेच्याबरोबर माझ्यापुढे ठेवली.