सब्जाचं पाणी

अबू हलीफाचा किनारा मागे पडला होता. समोर नुसती वाळू. बानूआपाने डोक्यावरचा पाण्याचा डबा उतरवला, पण घोटभरही प्यायली नाही.

"झहूर सांगतो, कबरीवरचा सब्जा गुडघ्याला लागलाय," ती म्हणाली. "यांना वास आवडायचा गो."

बानूआपा, म्हणजे शहरबानू, दापोलीकडची. एकावन्न साली नवऱ्यामागे बोटीने कुवेतला आली. कासमभाई तेल शोधणाऱ्या इंग्रज साहेबांच्या तळावर खानसामा. तंबू हलले की हिचा संसारही हलायचा. तीन दगडांची चूल मांडायची. वाळूचं वादळ आलं की पिठाच्या डब्यावर स्वतः पालथी पडायची. आई वारल्यापासून धाकट्या भावाला, झहूरला, तिनेच वाढवलं होतं. कासमभाईंनी शब्द टाकून त्यालाही तळावर ड्रायव्हर म्हणून लावलं.

मग कासमभाई तापाने गेले. इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस, विधवा बाई घराबाहेर पडत नाही, म्हणून कबर तिने पाहिलीच नव्हती. मी तिच्याच गावची, नवऱ्याबरोबर शेजारच्या तंबूत राहणारी. आमच्या गावी कबरीवर सब्जा लावतात. गाठीला बांधून आणलेलं बी तिने झहूरच्या हाती दिलं. गोडं पाणी टँकरने, बेताचंच यायचं. तिने चहा सोडला, आपल्या वाट्याचं पाणी राखलं आणि दर जुम्म्याला डबा भरून झहूरला दिला.

आदल्या दिवशी इद्दत सरली. "पुढच्या जुम्म्याला गाडीने नेतो," झहूर म्हणाला. तिला कुठला धीर! माझा हात धरून पायीच निघाली.

कबरस्तानात हिरवं पान नव्हतं. वाळूचे उंचवटे, उशापायथ्याला दगड, सगळे सारखे. राखणदार म्हाताऱ्याला मी मोडक्या अरबीत विचारलं, दर जुम्म्याला डबा घेऊन येणारा कुठल्या कबरीवर पाणी घालतो. तो म्हणाला, "दफन करून गेले, ते गेलेच. डबा घेऊन कोणी आलं नाही."

आपाने डबा वाळूवर टेकवला. मग म्हणाली, "तरीच त्याच्या गाडीचं इंजिन कधी तापत नव्हतं. माझं पाणी तीच प्यायची."

"कबर कुठली ते त्यालाच विचारू, आपा."

"आता त्याने बोट दाखवलं, तरी मी खरं कसं मानू?"

बिस्मिल्ला म्हणून तिने डबा उचलला आणि पुरेल तितक्या कबरींवर पाणी शिंपडत गेली. मी मागे उभी राहून फातिहा पढले.

फाटकापाशी तिने माझा हात घट्ट धरला.

"मी इथेच मेले ना, तर तुझ्या मालकांना माझ्या दगडावर खूण करायला सांग. झहूरच्या भरवशावर मला ठेवू नको."