कॅप्टन चुकत असेल तर

यतीनला मुलाखती घेण्याची भारी हौस. हॅमिल्टनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टीम लीड होता, आणि माणसं पारखावीत तर आपणच, असा त्याचा समज. बायकोला विमानं भाड्याने देणाऱ्या एका चार्टर कंपनीने पायलटच्या जागेसाठी गुरुवारी बोलावलंय म्हटल्यावर तयारी करून घ्यायला तोच बसणार, हे ठरलेलंच. रोटोटुना उपनगरातल्या घरी रविवारी दुपारी साहेब शॉर्ट्सवर टाय लावून डायनिंग टेबलाशी बसले. वल्लरी समोर उभी. बस म्हणाला नाही, म्हणून उभी.

हसू यावं असं दृश्य, पण वल्लरीला हसायची सोय नव्हती. लग्नाला सात वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी त्याने भाजीचं भांडं भिंतीवर आपटलं, दुसऱ्या वर्षी तिला. एकदा करंगळी मोडली, ती म्हणे गाडीच्या दारात सापडली. गणपतीत मराठी मंडळाच्या वसुंधराताईंनी तिचा सुजलेला ओठ पाहून विचारलं, तर "मोदकाची वाफ लागली" असं तिने हसत सांगितलं, आणि ताईंनी हसत ते मानून घेतलं. अशी आपली माणसं. विचारतात, पण उत्तर नको असतं.

ही नोकरी म्हणजे तिची सुटका होती. दक्षिणेच्या बेटावर, साउथ आयलंडला तळ, राहायला कंपनीची खोली, आणि दोघांच्या मध्ये समुद्र. एरोक्लबात लोकांना शिकवून शिकवून तिने उड्डाणाचे तास जमवले ते याचसाठी. महिन्यातून दोनदा ती घरी येईल असं यतीनला वाटत होतं. तिने तसं वाटू दिलं होतं.

"हं. कॅप्टन चुकत असेल तर?" यतीनने विचारलं.

"आधी स्पष्ट सांगेन, सर. ढग खाली आलेत, आपण परत फिरूया."

"आणि नाही ऐकलं त्याने?"

"पुन्हा सांगेन. तरीही नाही ऐकलं आणि धोका असेल, तर कंट्रोल्स मी घेईन."

यतीनने पेन खाली ठेवलं. "कोणाचे कंट्रोल्स घेशील?"

"कॅप्टनचे. अरे, हेच उत्तर अपेक्षित असतं."

"मला शिकवतेस? माझ्या घरात, माझ्यासमोर उभी राहून?"

एरवी एवढ्या आवाजावर ती गप्प झाली असती. तिची चूक एकच झाली, ती खरोखरच मुलाखत देत होती. मान ताठ ठेवून ती म्हणाली, "कॅप्टन कोणीही असो."

पहिल्या थपडेने कानात शिट्टी वाजली. दुसरी तिने हातावर घेतली, तर त्याने तोच हात पिरगाळून तिला खुर्चीवर ढकललं. तिचे केस मुठीत धरून त्याने डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. वेळ पाहायची पायलटची खोड जात नाही. ओव्हनच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

डोळे उघडले तेव्हा तीन सोळा झाले होते. गालाखाली थंड फरशी, तोंडात रक्त. मधली सहा मिनिटं कुठेच नव्हती.

फ्रोझन मटारची पिशवी घेऊन यतीन शेजारी उकिडवा बसला होता. रडत होता. मारून झालं की त्याला नेहमीच रडू यायचं.

"मी बेशुद्ध होते," ती म्हणाली.

"बेशुद्धबिशुद्ध काही नाही. नाटकं नकोत." मग आवाज मऊ करून, "बाथरूममध्ये पाय घसरला म्हण. गुरुवारी इंटरव्ह्यू आहे ना तुझा? मग गप्प राहायचं. स्वीट ॲज, सगळं मस्त."

आणि मेल्याचं म्हणणं बरोबर होतं, चीड त्याचीच होती. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली तर पायलटने आपणहून कळवायचं आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. बोलली तर गुरुवार गेला, गुरुवार गेला तर सुटका गेली. तोंड शिवून चार दिवस काढले की झालं.

सोमवारी सकाळी जखमेवर केस ओढून आणि गालावर मेकअप थापून ती एरोक्लबात गेली. शिकायला ग्रॅहम आला होता, साठी उलटलेला गोठेवाला. "किआ ओरा, व्हॅल! आज बायको बघायला आलीय," त्याने इंग्रजीत हौसेने सांगितलं. कुंपणाशी म्हातारी घडीची खुर्ची टाकून, थर्मास घेऊन बसली होती. तिने हात हलवला.

इंजिन सुरू झालं. वल्लरीने उंचीच्या काट्याकडे पाहिलं, तर एका काट्याचे दोन झाले. तिने डोळे मिटून उघडले. दोनच.

तिला संताप आला, सात वर्षांत आला नव्हता असा. आपलं डोकं फोडलं ते फोडलं. आता या म्हाताऱ्याचं डोकंही त्याने आपल्या हातून फोडायचं? तिने इंजिन बंद केलं.

"आज नाही, ग्रॅहम. मी उडवण्याच्या स्थितीत नाही."

ग्रॅहमच्या बायकोनेच तिला गाडीतून वैमानिकांच्या डॉक्टरांकडे पोचवलं. तिथे फॉर्म होता. कधी लागलं? रविवारी, तीन दहा. किती वेळ शुद्ध नव्हती? सहा मिनिटं. कशामुळे? तिथे पेन थांबलं. बाथरूम तिच्या अगदी ओठांवर होतं. आईशी व्हिडिओवर ती खोटं बोलली होती, मंडळात बोलली होती, एकदा दारात आलेल्या पोलिसांशीही बोलली होती. पण विमानाच्या कागदावर तिने आजवर एक मिनिट खोटं लिहिलं नव्हतं, आणि आता लिहायला हात धजेना.

"नवऱ्याने मारलं," तिने लिहिलं. "पहिल्यांदा नाही."

डॉक्टरांनी वाचलं, उठून दार लावलं, आणि पोलिसांना बोलावू का, असं तिला विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. मग विचारलं, "आणि गुरुवार?"

"नाही. काही महिने तरी नाही."

तेव्हा ती ढसाढसा रडली. मारासाठी नव्हे, नोकरीसाठी. पर्समध्ये फोन थरथरतच होता, यतीनचे सतरा मिस्ड कॉल पडले होते.

गुरुवारी वल्लरी मुलाखतीला गेली नाही. घरीही गेली नाही.